मदत हवी आहे: विद्यापीठाने कोणत्या कॉन्फरन्समध्ये जावं?

अर्धवट_इंजिनिअर: ऐच्छिक विषय म्हणून स्पोर्ट्स मॅनेजमेंट घेतलाय. असाइनमेंट अशी: तुम्ही अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (क्रीडाप्रमुख) आहात, विद्यापीठाने कोणत्या कॉन्फरन्समध्ये (अमेरिकेत एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) जावं ते सकारण लिहा. मी बिग ट्वेल्व्ह म्हणतोय. कारणं सुचवा पटापट, उद्या रात्री द्यायचंय. 'गूगल कर' नको, करून झालंय.

सिअ‍ॅटलकर: कुठलं विद्यापीठ? अमेरिकन फुटबॉल आहे का?

कोकणी_काका: बिग ट्वेल्व्ह म्हणजे बारा विद्यापीठं ना?

टेक्सास_ताई: सोळा. आणि बिग टेनमध्ये अठरा! नावावर जाऊ नका काका.

सिअ‍ॅटलकर: पैशामागे धावू नकोस. आमच्या पॅक-ट्वेल्व्हमधून (पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स) २०२४ मध्ये दहा जण उठून गेले. मागे उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

टेक्सास_ताई: म्हणजे थांबले तेच अडकले ना? आमच्या एसएमयूने (डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) नऊ वर्षं टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडून एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) जागा मिळवली. पहिल्याच मोसमात फुटबॉलचा राष्ट्रीय प्लेऑफ!

सिअ‍ॅटलकर: त्यांचे देणगीदार तगडे. स्टॅनफर्ड-बर्कलेही एसीसीत गेले, आता त्यांच्या व्हॉलीबॉलच्या मुलींनी कॅलिफोर्नियातून उठून अटलांटिक किनाऱ्यावर जायचं. अभ्यास विमानात?

सदाशिव_पेठी: आपल्याकडे ही भानगडच नाही. एआययू (भारतीय विद्यापीठांची संघटना) विभाग ठरवते, पुणे विद्यापीठ पश्चिम विभागात. विषय संपला.

अर्धवट_इंजिनिअर: पेठीकाका, हे असाइनमेंटमध्ये कुठे घालू? विद्यापीठ कनेक्टिकट. फुटबॉल आहे, पण कॉन्फरन्सशिवाय.

सदाशिव_पेठी: कनेक्टिकटला थंडी फार. जॅकेट इथून नेऊ नये, तिथेच घ्यावं.

सिअ‍ॅटलकर: हे आधी सांगायला काय झालं होतं? त्यांची कॉन्फरन्स बिग ईस्ट, ती फुटबॉल खेळवत नाही, म्हणून २०२० मध्ये तिथे परतल्यावर कनेक्टिकटचा फुटबॉल स्वतंत्र झाला. बास्केटबॉलमध्ये मात्र पुरुष २०२३ आणि २०२४ चे राष्ट्रीय विजेते, बायका २०२५ च्या. कशाला हलायचं?

टेक्सास_ताई: कारण टीव्हीचा मोठा पैसा फुटबॉलवर येतो. खेळाडूंनाही आता विद्यापीठ थेट पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. बास्केटबॉलवर किती दिवस काढणार?

अर्धवट_इंजिनिअर: भांडा नंतर. बिग ट्वेल्व्ह लिहू की नको?

टेक्सास_ताई: लिही. पण २०२४ मध्ये त्यांच्याशी बोलणी होऊन थांबली होती, तिथून सुरुवात कर. नाहीतर प्रोफेसर पहिलं तेच विचारतील. आणि बोलावणं तिकडून यावं लागतं, तेव्हा त्यांचा फायदा काय ते आधी मांड.

सिअ‍ॅटलकर: प्रवासखर्चही लिही. फक्त फुटबॉलचा नको, सगळ्या खेळांचा.