बाबा म्हणतात केमिकलच्या गोळ्या नकोत, सोलकढीच पितो. काय सांगू?

आचऱ्याची_लेक:
मंडळी, जरा घाईत लिहितेय. बाबा (वय ६८) आचऱ्याला एकटेच असतात, मी ठाण्याला. वर्षभर त्यांच्या पोटात जळजळ होती. रात्री दोनला उठायचे, दोन बिस्किटं खायचे आणि पुन्हा झोपायचे. मला कळलं ते शेजारच्या काकूंकडून. मे महिन्यात शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा मात्र घाबरून त्यांनीच फोन केला. दुर्बीण घालून तपासलं तर जठराच्या पुढच्या तोंडाशी व्रण. डॉक्टरांनी आतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला आणि एका पिवळ्या चकतीवर ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत ती चकती गुलाबी झाली. म्हणाले, "हेलिकोबॅक्टर पायलोरी. चौदा दिवसांचं किट घ्या, एकही दिवस चुकवू नका."

आज सहावा दिवस. जळजळ थांबलीय आणि बाबांनी गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून दिलीय. "माका आता बरा वाटता, कित्याक होयी ती केमिकला? तोंडात तांब्याचो पैसो धरल्यासारखा होता." त्यात कुणीतरी मोबाइलवर पाठवलंय की कोकमाने हा जंतू मरतो, सायन्सने सिद्ध झालंय. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ आगळ घालून सोलकढी चालू आहे. कोकमाचं खरं आहे का? आणि सहा दिवसांत बरं वाटलं तर पुढचे आठ दिवस कशाला, हे त्यांना पटेल असं कसं सांगू? रागावून झालंय, उपयोग नाही.

गजालवाडी:
म्हणजे आता पायलोरीचो तिखलो करूचो की काय, कोकमा घालून? ताई, गंमत केली. बाबांका सांभाळा.

औषधवाली_कणकवली:
मी औषधाच्या दुकानात असते. हे किट नेणारे अर्धे लोक आठवड्याने दिसतात तेव्हा विचारलं की म्हणतात "बरा वाटला, सोडलंय." कपाळाला हात लावायची पाळी येते. तोंडाची ती कडवट-धातूची चव क्लॅरिथ्रोमायसिनची असते, गोळ्या संपल्या की जाते. आम्लाची गोळी, म्हणजे आम्ल कमी करणारी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, जेवताना नाही. खंड पडलाय, तर पुढे कसं घ्यायचं ते आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. आपल्या मनाने उरलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. आणि कोर्स संपल्यावर जंतू गेला की नाही ते तपासायचं असतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. श्वासाची किंवा शौचाची चाचणी, संपल्यानंतर निदान चार आठवड्यांनी. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही चाचणी "नाही" म्हणते. रक्ताची चाचणी त्यासाठी नको, जंतू गेल्यावरही ती बराच काळ "आहे" दाखवत राहते.

आचऱ्याची_लेक:
अगं बाई! गेल्या दिवाळीत एका ठिकाणी अशीच चाचणी केली होती, "काही नाही" आलं. तेव्हा बाबा रोज आम्लाची गोळी घेत होते, कुणी थांबवायला सांगितलं नाही. म्हणजे सहा महिने तिथेच गेले. डॉक्टरांना लगेच फोन करते.

परतलेला_चाकरमानी:
ताई, मी अँटिबायोटिकच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून आता देवगडला कलमं सांभाळतोय. तुमच्या बाबांशी केमिकल या शब्दावरून वाद घालू नका, हरणार तुम्हीच. त्यांना त्यांच्या गोळीची कुळकथा सांगा.

मी फर्मेंटरवर होतो. फर्मेंटर म्हणजे पोलादाची दोन-तीन मजली टाकी. आत सोयाबीनचं पीठ, साखर, तेल, आणि खालून सतत निर्जंतुक हवा. भजीच्या घाण्यासारखा फेस वर चढतो, रात्रपाळीला डोळा लागला तर छतापर्यंत. या सगळ्या खटाटोपात आम्ही पोसायचो कुणाला? मातीतल्या एका जिवाणूला. टाकीचं झाकण उघडलं की जो वास यायचा तो तुमच्या बाबांच्या चांगला ओळखीचा आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर सड्यावर येतो, तोच. त्या वासाच्या द्रव्याचं नाव जिओस्मिन, आणि मातीत तो बनवणारे हेच लोक, स्ट्रेप्टोमायसिस आणि त्यांचे भाऊबंद. नवा पोरगा कामाला आला की आम्ही त्याला वास घ्यायला लावून विचारायचो, "काय आठवलं?" कोकणातला असेल तर हटकून म्हणायचा, पाऊस.

तर बाबांच्या किटातली क्लॅरिथ्रोमायसिन. तिची आई एरिथ्रोमायसिन. फिलिपीन्समधल्या इलोइलो इथले डॉक्टर आबेलार्दो आगिलार यांनी १९४९ साली तिथल्या मातीचे नमुने अमेरिकेला पाठवले, त्यातल्या जिवाणूपासून हे औषध निघालं. १९५२ साली बाजारात आलं तेव्हा गावाच्या नावावरून त्याला इलोटायसिन म्हणत. किटातली दुसरी, अमॉक्सिसिलिन, ही पेनिसिलिनच्या घरातली, म्हणजे बुरशीची नात. काहींच्या किटात मेट्रोनिडाझोल असतं. ते बनवतात रसायनशाळेत, पण कल्पना उचलली अॅझोमायसिनवरून, जे १९५३ साली जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिसच्या भाऊबंदांतच सापडलं होतं. आम्लाची गोळी तेवढी माणसाच्या डोक्यातली. मग यात केमिकल कुठलं आणि गावठी कुठलं, ते बाबांनाच ठरवू द्या.

आता रसायनशास्त्राचं काम कुठे आलं ते ऐका, मला यातच खरी मजा वाटते. एरिथ्रोमायसिनला जठरातलं आम्ल सोसत नाही. त्या रेणूच्या कड्यात सहाव्या जागेवर एक हायड्रॉक्सिल गट आहे. आम्लात पडला की तो वळून आपल्याच कड्यातल्या किटोनला जाऊन चिकटतो. साप स्वतःची शेपटी गिळतो तसं, आणि औषध निकामी. जपानी रसायनतज्ज्ञांनी त्या एका गटावर मिथाइलची टोपी चढवली. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. आता तो वळला तरी चिकटत नाही. ती टोपी घातलेली एरिथ्रोमायसिन म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन. पोटातल्या जंतूसाठी ती चालते त्यात या टोपीचा मोठा वाटा आहे.

राहिला आठ दिवसांचा प्रश्न. हा जंतू जठरात उघड्यावर पोहत नाही, आतल्या बुळबुळीत थराखाली दडतो. चकती गुलाबी झाली ना? त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, युरिया फोडून तो अमोनिया करतो आणि अंगाभोवतीचं आम्ल मारतो. तुम्ही पाहिलात तो अमोनियाने बदललेला चकतीचा रंग. आम्ल कडक असलं की तो वाढायचा थांबून पडून राहतो, आणि अमॉक्सिसिलिन मारते ती वाढणाऱ्याला, भिंत बांधत असताना. म्हणून आधी आम्ल उतरवायचं, त्याला जागं करायचं, मग टोला. बाबांची जळजळ थांबली ती मुख्यतः आम्ल उतरलं म्हणून. व्रणाला आराम पडला, जंतू संपला असं नव्हे. सहाव्या दिवशी सोडलं की मागे उरतात ते चिवट. क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे त्याच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, ज्या जागी बसते तिथलं एक जनुकीय अक्षर बदललं तरी ती बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंची यादी काढली, तीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा पायलोरी होता. त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलंय. हे दुसरं बाबांना आज सांगू नका, उगाच धास्ती घेतील. तुम्ही लक्षात ठेवा.

खाडीचा_चिखल:
मी रत्नागिरीला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय, कोकमाचं मी सांगते. मोबाइलवर आलेलं अगदीच थाप नाही. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असतं आणि प्रयोगशाळेत त्याने पायलोरी मरतो असं संशोधन छापून आलेलं आहे. पण ते बशीत, शुद्ध गार्सिनॉल घेऊन. सोलकढीचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो पाण्यात उतरतो. गार्सिनॉल पिवळं, पाण्यात धड विरघळतच नाही. आगळात ते किती येणार, आणि आलं तरी त्या थराखाली किती पोचणार? आमच्या सरांचं वाक्य आहे, "बशीत तर फिनेलनेही मरतं." शिवाय व्रण ताजा असताना इतकं आंबट कशाला?

माझा प्रकल्प कांदळवनातल्या चिखलावर आहे. ओहोटीला गुडघाभर रुतून चिखल आणायचा, वाळवायचा, बशीत पसरायचा. आठवड्याने खडूची पूड सांडल्यासारखे पांढरे-राखाडी ठिपके उगवतात, तेच स्ट्रेप्टोमायसिस. एखाद्याभोवती दुसरा जंतू उगवत नाही, स्वच्छ गोल कडं पडतं. पहिलं कडं दिसलं त्या दिवशी मी वसतिगृहात पेढे वाटले! नंतर कळलं की ते जुनंच, माहीत असलेलं औषध होतं. बहुतेक वेळा असंच होतं म्हणे. पायलोरीवर मात्र आम्हाला तपासता येत नाही. त्याला कमी ऑक्सिजन लागतो, रक्त घातलेलं खाद्य लागतं आणि उगवायलाही तीन-चार दिवस घेतो. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांनाही ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये तो आधी उगवतच नव्हता, बशा दोन दिवसांत फेकल्या जायच्या. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या आणि परत येऊन बघतात तर उगवलेला. पुढे १९८४ साली मार्शल ते जंतू स्वतः प्याले, जठराला सूज आणली, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

गजालवाडी:
जंतू पिऊन नोबेल! आमच्याकडे काजूची पिऊन कोणाक काय मिळाला नाय.

आचऱ्याची_लेक:
चार दिवसांनी येतेय. डॉक्टरांनी दीड दिवसाचाच खंड म्हणून लगेच सुरू करायला सांगितलं आणि शेवटची तारीख पुढे ढकलून दिली. मी स्वतः गावी आले. चाकरमानी काकांचं सगळं खळ्यात बसून बाबांना वाचून दाखवलं. रायबोसोमला ते पेंगत होते, पण पावसाच्या वासाला सावरून बसले. गोळी नाकाशी नेऊन हुंगली. "वास नाय येणा," म्हणाले, पण घेतली. सोलकढी तूर्त बंद, पेज आणि कुळथाची पिठी चालू. मात्र रोज एकच धोशा: "फिलिपीन्सची माती घेतल्यानी, आमच्या सड्याची कित्याक नाय घेतल्यानी?"

परतलेला_चाकरमानी:
बाबांना सांगा, आपल्याकडचीही घेतलीय. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून बुरशीवरचं औषध काढलं, हॅमायसिन. जिवाणूचं नावही ठेवलं पिंप्रिना. आचऱ्याच्या नावाची जागा अजून रिकामी आहे.

आचऱ्याची_लेक:
हे वाचून दाखवायला नको होतं. आत्ता मागील दारच्या फणसाखालची माती गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून आणलीय. "त्या रत्नागिरीच्या चेडवाक दी" म्हणतात. काय करू?

खाडीचा_चिखल:
पाठवा की! पण डबीत ओली कोंडू नका, बुरशी धरेल. वर्तमानपत्रावर पसरून सावलीत आठवडाभर वाळवा. आणि वरची नको, चार बोटं खणून घ्यायला सांगा.