ट्रान्सममध्ये काय घालावं?

जुन्या फायबर होडीच्या ट्रान्सममधलं, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीतलं, कुजलेलं प्लायवूड काढून एचडीपीई या टणक प्लास्टिकची शीट बसवावी, असं काही जण सुचवतात. शीट कुजणार नाही हे खरं, पण तिला ना पॉलिस्टर रेझिन धरत ना इपॉक्सी, म्हणजे फायबर चिकटवायची दोन्ही रसायनं. दोन्ही बाजूंचं फायबर सुटं राहील आणि आउटबोर्डच्या (मागे टांगलेल्या इंजिनाच्या) धक्क्यांनी सगळं हलायला लागेल. पीव्हीसी फोम चिकटतो छान, पण हलक्या घनतेचा घेतलात तर इंजिनाचे बोल्ट आवळताना दबतो. काचतंतू घातलेला जड पॉलियुरेथेन बोर्ड मिळाला तर उत्तम. महाग पडतो, इलाज नाही.

नाहीतर सरळ आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्या. कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा बोल्टच्या भोकांतून होते. म्हणून भोक मुद्दाम मोठं पाडा, इपॉक्सीत फिलर (घट्ट करणारी पूड) कालवून गच्च भरा आणि ते कडक झालं की त्यातच मापाचं भोक पाडा. पाणी लाकडापर्यंत पोचणारच नाही. इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) मात्र नको, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर सहसा पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकानेच विरघळतो. शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) काचकापड वापरा. आणि जुनं फायबर घासताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. ती खाज भयंकर असते.