चांगली चाललेली मालिका चांगली असतानाच का संपवत नाहीत?

साखरांबा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारते. आई कुठे काय करते घ्या. डिसेंबर 2019 ला सुरू झाली, नोव्हेंबर 2024 ला संपली, म्हणजे जवळपास पाच वर्षं. सुरुवातीला आमच्याकडे साडेसातला कुणाचा फोन आला तरी उचलत नव्हते. पंचवीस वर्षं संसार केलेली अरुंधती, नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाशी प्रकरण आहे हे कळल्यावर घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, हे रोजच्या मालिकेत कुठे बघायला मिळतं हो? आणि अरुंधती झालेल्या मधुराणीने काम पण काय केलंय, आवाज न चढवता. माझी आत्या, जिने आयुष्यात काकांसमोर कधी ब्र काढला नाही, ती तो घटस्फोटाचा ट्रॅक बघताना "बरं केलं बाईने" असं काकांच्या देखत म्हणाली.

पण मग गोष्ट तिथेच संपली होती ना? त्यानंतर अनिरुद्ध-संजनाचं लग्न, मग त्यांचं बिनसलं, मग अरुंधती-आशुतोषचं लग्न, तिथे वाटलं आता तरी सुखाने संपवतील, तर आशुतोषलाच मारलं. शिवाय मुलांचे संसार एकेक करून मोडायचे ते वेगळंच. शेवटच्या वर्षी दुपारी अडीचला नेली तेव्हा आत्याने बघणं सोडलं. इतकं चांगलं पात्र असं झिजवायचं कशाला? खरंच वाईट वाटतं.

पडद्यामागे:
मी काही वर्षं डेली सोपच्या रायटिंग टीममध्ये होतो, चॅनलचं नाव घेत नाही, पण कारण सांगतो. आपल्याकडे मालिका किती भागांची हे आधी ठरलेलंच नसतं. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं. नंबर चांगला असेल तर चॅनल बंद करू देत नाही कारण त्या स्लॉटच्या जाहिराती त्या नंबरवर विकल्या जातात, आणि नंबर पडला की काहीतरी मोठं घडवा म्हणून फोन, म्हणजे अपघात, स्मृती जाणे, नाहीतर मेलेला माणूस परत. लेखकाकडे साधारण शंभर-दीडशे भागांची गोष्ट असते हो, ती मनापासून लिहिलेली असते, त्यापुढचं सगळं रोजच्या रोज. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपलेली, सेटवर कलाकार मेकअप करून बसलेत आणि सीन अजून मोबाईलवर यायचाय, असं कित्येकदा.

एक उदाहरण देतो. आमच्या मालिकेत नायिकेला सासऱ्यांचं जुनं पत्र सापडायचं होतं, ते सापडलं की ट्रॅक संपला. पण आमच्या जागी येणाऱ्या मालिकेचा सेट लागला नव्हता. मग पत्र कपाटात, कपाटाची किल्ली हरवली, किल्ली मोलकरणीला मिळाली, तिने ती जावेला दिली, जावेने तुळशीत पुरली. दहा-बारा भाग काढले त्या किल्लीवर. ते लिहिताना खूप त्रास व्हायचा, कारण तीच नायिका आधी किती विचारी लिहिली होती आम्ही, आणि आता तिला किल्ली दिसू नये म्हणून बावळट करायची. पात्र असंच मरतं. लोकांना वाटतं गोष्ट लांबली म्हणून कंटाळा आला, पण खरं तर माणूस बदललेला असतो.

ठाणेकरीण:
पटतंय पण लांबी म्हणजेच वाईट असं नाही हं. चार दिवस सासूचे 2001 ते 2013 चालली, तीन हजारावर भाग, आमच्या आजीला त्यातली आशालता म्हणजे घरचीच बाई वाटायची. वादळवाट पण चार वर्षं होती तरी अजून लोक नाव काढतात. मला वाटतं ज्या मालिकेचा प्रश्न एकच आहे, म्हणजे हे दोघं एकत्र येणार का, सत्य कधी कळणार, तिला लांबवलं की वाट लागते. होणार सून मी ह्या घरची बघा, श्री-जान्हवीचं सुरुवातीचं किती गोड होतं आणि मग ते गरोदरपण संपता संपेना. रंग माझा वेगळा मध्ये तर नवरा मूल आपलं नाही म्हणून बायकोवर संशय घेतो, आणि अख्खा महाराष्ट्र ओरडत होता की अरे डॉक्टर आहेस ना, एक डीएनए टेस्ट कर. याउलट एका लग्नाची दुसरी गोष्ट 2012 मध्येच सुरू होऊन त्याच वर्षी संपली, घना-राधा खोटं लग्न करतात, खरंच प्रेमात पडतात, झालं. तेव्हा मी चिडले होते इतक्यात का संपवली म्हणून, पण आज पुन्हा बघायला घेते तर तीच घेते.

तळकोकण:
रात्रीस खेळ चाले सारखं करायचं ना मग. 2016 ला पहिलं पर्व आठेक महिन्यांत संपवलं, मग 2019 ला मागे जाऊन अण्णा नाईक आणि शेवंताची गोष्ट आणली, ती तर पहिल्यापेक्षा जास्त आवडली लोकांना. जिथे शूटिंग व्हायचं त्या आमच्या आकेरीच्या वाड्यासमोर फोटो काढायला गाड्या थांबायच्या. मधल्या वेळात लेखकांना विचार करायला सवड मिळाली, ती दिसते हो कामात. तिसऱ्या पर्वात मात्र मला दम वाटला नाही.

लाईटवाला:
एक बाजू कोणीच बोलत नाहीये. मालिका संपली की स्पॉटदादा, मेकअप, लाईट, कॅमेरा अटेंडंट सगळ्यांचं रोजचं काम जातं, आणि पैसे काम केल्यावर तीन तीन महिन्यांनी हातात येतात, त्यामुळे मध्ये खंड पडला तर हप्ते थकतात. आम्हाला पाच वर्षं चाललेली मालिका म्हणजे मुलांची शाळा. वाईट चालू ठेवा असं म्हणत नाही, पण एक संपली तर दुसरी लगेच उभी राहील एवढं तरी बघा.

साखरांबा:
@लाईटवाला हे खरंच लक्षात आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. @पडद्यामागे पण मग भाग आधी ठरवून घेतले तर दोन्ही साधेल ना? दीडशे भाग, लगेच पुढची मालिका, टीम तीच.

पडद्यामागे:
साधेल, आणि लेखकांना हेच हवंय. अडचण एवढीच की नवीन मालिकेला प्रेक्षक जमायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर नंबर कमी असतो, तो काळ सोसायला कोणी तयार नाही. प्रेक्षकांनी दुपारी अडीचपर्यंत न थांबता आधीच बघणं सोडलं तर गुरुवारी दिसतं ते, आणि तेवढंच दिसतं.