बेससाठी अ‍ॅम्प घेऊ की इंटरफेस? (१० बाय १०ची खोली, बजेट २५ हजार)

खर्जप्रेमी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

यामाहाचा टीआरबीएक्स १७४ बेस गिटार आहे माझ्याकडे, चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नाही). ऑफिसातल्या पोरांचा बँड आहे, म्हणजे अ‍ॅन्युअल डे आणि कुणाच्यातरी गच्चीवर पार्टी असेल तर वाजवतो, आणि सोसायटीच्या गणपतीत एक दिवस. राहायला डोंबिवलीत, बेडरूम १० बाय १०, त्यात कपाट, पलंग आणि मी.

लॅपटॉपच्या माईकच्या भोकात कन्व्हर्टर लावून बघितलं, आवाज एकदम दबलेला येतो, लांब सूर धरला की मधेच कापला जातो आणि तार छेडल्यावर जरा वेळानेच ऐकू येतं त्यामुळे तालात वाजवणं अशक्य. मग मित्राने त्याचा १५ वॅटचा गिटार अ‍ॅम्प दिला वापरायला. त्यात वेगळीच गंमत, मोकळी ए तार वाजवली की अख्खी खोली भों करते, कपाटाची काच थरथरते, आणि ई तारेवर खाली आलो की आवाज गायब. आवाज काही फार मोठा ठेवत नाही मी, तरी खालच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलंच, "वर पिठाची गिरणी टाकलीय का रे?"

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. २५ हजारात बेसचा चांगला अ‍ॅम्प घेऊ का? की इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडायची डबी) घेऊन रेकॉर्डिंगच सुरू करू? मित्राचा गिटार अ‍ॅम्प माझ्या बेसने फाटेल का? (फाटला तर भरून द्यावा लागेल आणि मैत्री जाईल ती वेगळी.)

सोल्डरगन

तुमचा बेसही ठीक आहे आणि अ‍ॅम्पही. भानगड खोलीची आहे.

१० फूट म्हणजे साधारण ३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज उभा राहतो तो अशा खोलीत ५६-५७ हर्ट्झला. आता तुमची मोकळी ए तार किती? ५५ हर्ट्झ. म्हणजे ए आणि त्याच्या पुढचा अर्धा सूर, एवढ्याच पट्ट्यात खोली स्वतः गायला लागते. त्यात खोली चौकोनी, म्हणजे लांबीचाही तोच सूर आणि रुंदीचाही तोच, आणि आपल्या बिल्डरच्या कृपेने उंचीही साडेनऊ फुटांच्या आसपास म्हणजे तोही शेजारचाच. तिन्ही एकाच जागी. आणि मोकळी ई ४१ हर्ट्झ, ती या सगळ्याच्या खाली, तिला खोलीचा टेकू नाही आणि गिटार अ‍ॅम्पच्या छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ तसेही निघत नाहीत. म्हणून ई गायब.

प्रयोग करून बघा, अ‍ॅम्पमधून ए सतत वाजवत ठेवा (फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, ५६ हर्ट्झ लावा, ते अ‍ॅम्पला जोडा) आणि स्वतः खोलीत चालत फिरा. मधोमध आलात की सूर जवळजवळ नाहीसा होईल, भिंतीला पाठ टेकलीत की छातीत वाजेल, कोपऱ्यात तर विचारूच नका. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवलाय ना? मला खात्री आहे ठेवला असणार, सगळ्यांच्या घरी गिटारचं सामान कोपऱ्यातच जातं. तो तिथून हलवा आणि जमिनीवर न ठेवता जाड फोमवर किंवा स्टुलावर ठेवा, काकूंकडे स्लॅबमधून जाणारं थोडंतरी कमी होईल.

माझं मत विचाराल तर या खोलीत २५ हजारांचा अ‍ॅम्प आणलात तरी भों तोच राहणार, फक्त महाग होईल. पैसे इंटरफेस आणि बंद कपांच्या चांगल्या हेडफोनमध्ये घाला. हेडफोनला खोली नसते.

इंटरफेस कुठलाही चालेल, फोकसराईट स्कारलेट सोलो घ्या, ऑडियंटचा आयडी४ घ्या, फक्त त्याला इन्स्ट्रुमेंट इनपुट हवा. कारण असं की पॅसिव्ह बेसच्या पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणारं चुंबक-वेटोळं) समोर साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो, लॅपटॉपच्या माईक जॅकला असतात जेमतेम काही हजार, त्यात पिकअप गुदमरतं आणि वरचा सगळा खणखणीतपणा जातो. आणि सूर कापला जातो तो लॅपटॉपच्या नॉईज सप्रेशनमुळे, त्याला वाटतं ही पंख्याची घरघर आहे, मीटिंगसाठी काढून टाकू.

उशिरा ऐकू येण्याचं म्हणाल तर इंटरफेसच्या कंपनीचाच आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका, ४८ किलोहर्ट्झला बफर (एका वेळी साठवायचे आवाजाचे नमुने) १२८ ठेवा. एका बाजूचे पावणेतीन मिलिसेकंद होतात, येऊन जाऊन आणि बाकीचं धरून १० च्या आसपास. जास्त वाटतात पण अ‍ॅम्पपासून १० फुटांवर उभं राहिलात तरी हवेतून आवाज यायला ९ मिलिसेकंद लागतातच, तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. ६० दिवस फुकट वापरा, पुढे घरगुती लायसन्स ६० डॉलर. रेकॉर्ड करताना आवाज कोराच घ्या, २४ बिट, जोरात वाजवलं तरी मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, अ‍ॅम्पचा रंग नंतर प्लगइनने (रीपरच्या आत चालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने) द्या. टीएसईचं बीओडी आणि इग्नाईट अ‍ॅम्प्सचं एसएचबी-१ ही दोन फुकट आहेत, वर्षभर पुरतात.

गिटार अ‍ॅम्प घरगुती आवाजात फाटत नाही. कोन फडफडल्यासारखा आवाज यायला लागला की लगेच कमी करायचा, एवढंच पाळा.

गल्लीतला_बेसवाला

वरच्या प्रतिसादातलं भौतिकशास्त्र मान्य, निष्कर्ष अमान्य. 🙂

आम्ही कोल्हापूरकडं ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपती-नवरात्रात हात रिकामा नसतो. हेडफोनवर शिकलेली पोरं स्टेजवर आली की पहिल्या गाण्यात ओळखू येतात. कानात सगळं गोड ऐकू येतंय म्हणून बोट हळू लावायची सवय लागलेली असते, ड्रमवाला सुरू झाला की घाबरून जोर लावतात, मग तारा फ्रेटवर आपटतात नुसत्या. हवेत आवाज सोडून वाजवायची सवय लागते. ती अ‍ॅम्पशिवाय लागत नाही. आणि धागाकर्त्याचा बँड आहे, तो काय सगळ्यांना हेडफोन वाटणार आहे गच्चीवर?

फेंडर रम्बल ४० बघा, १० इंची स्पीकर आहे, हेडफोनचं भोक आहे, म्हणजे घरी काकूंचाही प्रश्न मिटला, आणि मागं एक्सएलआर लाईन आउट आहे तिथून थेट मंडळाच्या मिक्सरला जाता येतं. रम्बल २५ ला ते नाही म्हणून तो नको. सेकंडहँड मिळाला तर बजेटात बसेल, नुसता स्पीकरला हात लावून कोन आत-बाहेर हळू ढकलून बघा, खरखर लागली तर सोडून द्या.

वॅटच्या आकड्याला भुलू नका मात्र. ४० चे ८० केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला 'थोडं वाढलं' इतकंच. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे १० पट वॅट. खऱ्या ड्रमसमोर ४० वॅट उघडं पडतंच, तिथं आवाज मंडळाच्या सिस्टीममधनं काढायचा आणि अ‍ॅम्प फक्त स्वतःला ऐकायला पायाशी ठेवायचा.

लाईन आउट नसेल तर डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) घ्या, पॅसिव्ह बेसला अ‍ॅक्टिव्ह डीआय. त्यावर ग्राउंड लिफ्टचा (केबलमधलं ग्राउंड तोडून हूं घालवायचा) खटका असतो, जनरेटरवरच्या मांडवात त्याच्याशिवाय चालत नाही. आणि हूं येतोय म्हणून कुणी साऊंडवाला अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढायला लागला तर त्याला तिथंच थांबवा. तारा हातात आपल्या असतात, माईक ओठाला लागतो.

खर्जप्रेमी

दोघांचेही आभार. अ‍ॅम्प कोपऱ्यातच होता 🙈 हलवला, फरक पडला. ५६ हर्ट्झवाला प्रयोग बायकोला पण करून दाखवला, ती म्हणाली आता बंद कर.

अजून एक राहिलं. शांत बसलो असताना सुद्धा अ‍ॅम्पमधून हूं येतो आणि पंखा २ वर केला की वर झर्र पण. तारांना हात लावला की कमी होतं. गंमत म्हणजे मी काहीच वाजवत नसताना ट्यूनर जी दाखवतो, तोसुद्धा जरा चढा. बेस बिघडलाय का?

सोल्डरगन

ट्यूनर बरोबर आहे, तो महावितरणचा सूर दाखवतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा जी ४९ हर्ट्झ. म्हणून जी, आणि म्हणून चढा.

हूं आणि झर्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झर्र येतो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून, तो विजेची लहर मधेच कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि ती कापाकापी पिकअपला ऐकू जाते. पंखा फुल किंवा बंद केला की झर्र जातो की नाही बघा. जात असेल तर रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद, किंवा पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनचं १० मिनिटांचं काम.

हूंसाठी तुमच्या बेसवरचे दोन व्हॉल्यूम वापरा. पुढचं पिकअप दोन तुकड्यांचं आहे, ते तुकडे एकमेकांचा हूं मारतात. ब्रिजजवळचं एकेरी आहे, त्याचा हूं मारायला कोणी नाही. जॅझ बेसवर दोन्ही एकेरी असतात आणि दोन्ही पूर्ण उघडली की हूं कटतो, पण तुमच्या बेसवर ती युक्ती चालणार नाही. ब्रिजवालं शून्यावर करा, बराचसा हूं गेला पाहिजे.

हात लावल्यावर कमी होतं म्हणजे तारांचं ग्राउंड जागेवर आहे, ते चांगलंच. आतला खड्डा तांब्याच्या चिकट पट्टीने मढवला की अजून सुधारतं, पट्टी पुण्यात तापकीर गल्लीत मिळते, तुम्हाला लॅमिंग्टन रोड जवळ. पट्टीचा प्रत्येक तुकडा दुसऱ्याला आणि ग्राउंडला जोडला गेलाय ना ते मल्टीमीटरने बघा, नाहीतर सजावट होईल फक्त.

पण सगळ्यात आधी भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. तीन भोकं दिसतात म्हणजे तिसऱ्यात वायर असतेच असं नाही. लॅपटॉप चार्जिंगला असताना तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर ते आधी दुरुस्त करा, बेस-बिस नंतर.

अटलांटिकपलीकडचा

न्यू जर्सीहून लिहितोय, इथे बेसमेंट आहे म्हणून काकू नाहीत, पण भों आहेच. खोली मोठी असली की भों खालच्या सुरावर सरकतो, बाकी तेच.

अ‍ॅम्प की थेट या वादात एक भर घालतो. १९६० च्या दशकात डेट्रॉईटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसनचा बेस थेट मिक्सरमध्ये जात होता. फेंडर प्रिसिजन बेस, फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या) तारा, त्याही बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट. तेव्हा थेट घेतलं म्हणजे घरगुती आणि अ‍ॅम्पसमोर माईक लावला म्हणजे प्रोफेशनल हे डोक्यातून काढा. फ्लॅटवाउंडचा अजून एक फायदा, तुमच्याकडच्या दमट हवेत आणि घामात गोल गुंडाळीच्या तारा दोन महिन्यांत मरतात, फ्लॅटवाउंड मुळात मंदच वाजतात त्यामुळे वर्षानुवर्षं तशाच राहतात. महाग असतात, पण एकदाच.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर गाणं शेवटी फोनवरच ऐकलं जाणार, आणि फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येत नाहीत म्हणजे नाहीतच. तिथे बेस ऐकू येतो तो वरच्या ८२, १२३, १६४ या पटींमुळे, मूळ सूर कान स्वतः भरून घेतो. म्हणून मिक्समध्ये बेस बारीक वाटला की खालचा नॉब वाढवू नका, तिथे फक्त चिखल होतो. प्लगइनमध्ये थोडं ड्राईव्ह (आवाज मुद्दाम किंचित फाटवून वरच्या पटी वाढवणारा नॉब) वाढवा, एकट्याने ऐकताना जरा खरखरीत वाटेल इतकं, गिटार-ड्रम आले की ती खरखर दिसतसुद्धा नाही. आणि ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, चार तारांच्या बेसमध्ये तिथे सूर नसतो, बोटांचे ठोके असतात.

अवांतर: कोल्हापूरकरांचं हवेत आवाज सोडण्याबद्दलचं बोलणं १००% पटलं.

खर्जप्रेमी

ब्रिजवालं पिकअप बंद केल्यावर हूं खरंच गेला. आता असं ठरवतोय की आधी इंटरफेस आणि हेडफोन, गणपतीच्या आत सेकंडहँड रम्बल मिळाला तर तो. मधल्या काळात हेडफोनऐवजी ५ इंची स्टुडिओ मॉनिटरची (रेकॉर्डिंग ऐकायच्या स्पीकरची) जोडी घेतली तर? ऑफर चालू आहे.

सोल्डरगन

त्याच खोलीत? नको. परत ५६ हर्ट्झ.

गल्लीतला_बेसवाला

यावर मात्र सोल्डरगनशी सहमत. रम्बलसाठी व्यनि केलाय, आमच्या जुन्या कीबोर्डवाल्याचा पुतण्या ठाण्यात आहे, त्याचा विकायचा आहे. जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल घेऊन जा, आणि दुकानात वाजवतात तसं नको, मोकळी ई १० मिनिटं वाजवून बघा.