आपल्याच बागायतीत पिंजरा लावायचा हक्क हवा की नको?

कुळागरकार
गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बागायत, वर डोंगराला काजू. गेल्या पावसात उदमांजर खुराड्यात शिरलं आणि एका रात्रीत अकरा कोंबड्या गेल्या. खाल्ली एकच, बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या. दिवाळीआधी बिबट्याने पाडी नेली. पंचनाम्याला माणूस आला तिसऱ्या दिवशी. तोवर कोल्ह्यांनी उरलंसुरलं संपवलेलं, आणि वर मलाच विचारतो, बिबट्यानेच मारली कशावरून?

जमीन माझी, एक-चौदावर, म्हणजे आमच्या सातबाऱ्यावर, नाव माझं, पण माझ्याच खुराड्यापाशी पिंजरा लावला तर गुन्हेगारही मीच. फास लावायला द्या असं मी म्हणत नाही. नोंदणी केलेला पेटीसारखा पिंजरा असावा, जनावर अडकलं की त्याच दिवशी वन खात्याला कळवावं, त्यांनी येऊन न्यावं. एवढंही नको?

कलमबहाद्दर
नको. जमीन तुमची, जनावर तुमचं नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, त्याचा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. उदमांजर, मुंगूस, कोल्हा सगळे संरक्षित.

बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. तो माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक पकडायची परवानगी देऊ शकतात. पाडी नेली हे कारण तिथे चालत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन वर्षं आणि दंड किमान २५ हजार.

काजूवाला_पेडणे
कायदा पाठ आहे तुम्हाला, बाग नसावी. आम्हाला पीक राखायला म्हणून बंदुकीचा परवाना दिला. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. गेली लोकसभा ७ मेची, म्हणजे ऐन काजूत! काजू खाणाऱ्या रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते बाब.

वाघेरीची_लेक
कुळागरकारबाब, तुमचा राग कळतो. पण एक सांगते, मग ठरवा.

चार वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या काजूत बोंडू गोळा करायला गेले होते. वरच्या कुंपणाकडून घरघर ऐकू आली. क्लचच्या वायरीचा फास झाडाच्या बुंध्याला बांधलेला आणि त्यात कमरेला आवळलेली बिबट्याची मादी. भोवतालची माती तिने नांगरल्यासारखी उकरलेली. वन खात्याची माणसं आली, बेशुद्धीचं इंजेक्शन दिलं, वायर कापली. दुपारी ती मेली. पोटाला वायर रुतून आत सगळं तुटलं होतं म्हणे.

फास कुणी डुकरासाठी लावलेला. आमच्या जमिनीत, आम्हाला न विचारता. पण जबाब सासऱ्यांचा, फेऱ्या सासऱ्यांच्या. गावात सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचा हात, बोललं कुणी नाही. डोंगरावर गडगा, हद्दीचा दगडी बांध, फक्त सर्व्हेच्या नकाशात असतो. उद्या पिंजऱ्याला मुभा मिळाली की फास लावणाराही म्हणणार, जागा मालकाची आहे, त्याला विचारा.

आणि आपल्या सत्तरीतलं गोळावली विसरलात? जानेवारी २०२०, पट्ट्याची वाघीण आणि तिचे तीन बछडे, विष घातलेलं. मूळ दुखणं तुमचंच होतं, गुरं मारली गेल्याचं. ज्या तालुक्यात वाघेरी नावाचा डोंगर आहे तिथली ही गोष्ट.

पाटवाला
माझा भाचा कॅनडात असतो. तिथे परवाना काढून सापळे लावतात, मालकाची संमती घेऊन खासगी जमिनीतही. कोल्ह्याची कातडी विकतात.

कलमबहाद्दर
तिथे विकतात. इथे मुंगसाच्या केसांचा ब्रश विकला तरी आत जाल.

सांगेकर
कुळागरकारबाबांच्या 'त्यांनी येऊन न्यावं' यावर. न्यावं कुठे? जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून लांबच्या रानात सोडले. जिथे सोडले तिथल्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, कमी नाही झाले. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. केंद्राच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, पिंजरा हा पहिला उपाय नव्हे.

डुकराचं वेगळं. ते दुसऱ्या अनुसूचीत आहे, पिकाच्या नुकसानीवरून परवानगी देता येते. केरळने २०२२ साली तो अधिकार पंचायतीपर्यंत खाली नेला, विष, स्फोटकं आणि विजेची तार वगळून. गोव्यात त्यासाठी भांडूया की! डुकराचा प्रश्न सुटला तर निम्मे फास आपोआप जातील, आणि फासात मरणारे बिबटेही.

काजूवाला_पेडणे
हे पटलं. पहिल्यांदाच.

कुळागरकार
बायचं वाचून दोन दिवस गप्प होतो. बिबट्याच्या पिंजऱ्याचं मागे घेतो. उदमांजराचं नाही घेत. एका मांजराएवढ्या जनावरासाठी मी मुख्य वन्यजीव रक्षकांना अर्ज लिहायचा? उत्तर येईपर्यंत कोंबडीचं पिल्लूदेखील उरणार नाही.

वाघेरीची_लेक
तुमच्या खुराड्याला जाळी कुठली आहे?

कुळागरकार
हीच, षटकोनी भोकांची.

वाघेरीची_लेक
ती उदमांजराला कागद. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्या, फूटभर जमिनीत पुरा, वरूनही बंद करा. ते माडावरून उतरतं. खुराड्यावर आलेल्या फांद्या तोडा, आणि पिकलेला फणस खाली पडू देऊ नका. पहिला वास त्याचाच लागतो. आमच्याकडे पाच वर्षांत एक कोंबडी गेली, तीही दार उघडं राहिलं म्हणून. गोठ्याच्या दारालाही रात्री आडणा घाला, पाडी वाचेल.

कुळागरकार
जाळी शनिवारी वाळपईहून आणतो. गोठ्याला आडणा आहे बाय. पाडी दुपारी चारला नेली, मी पाटाचं पाणी वळवत होतो, वीस पावलांवर.