मदत हवी आहे: ९७, १०८ आणि मग एकदम ११०?

नमस्कार. आम्ही कर्वेनगरला राहतो, मुलगी सातवीत आहे. तिला सध्या द. रा. कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांचं वेड लागलंय. (देवळालीचे शाळामास्तर, पण शिकले आपल्या फर्ग्युसनमध्ये. हे कळल्यावर तर जास्तच!)

संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: २१ चे २४, २४ चे ३०. अशी कुठूनच तयार होत नाही ती स्वयंभू. पोरीने वहीत रांग मांडून तयार होणाऱ्या संख्यांवर लाल पेनाने काट मारली. शंभराच्या आत १३ उरल्या: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... ९७. नऊनंतर दर वेळी ११ ची उडी, थेट १०८ पर्यंत. मग मध्येच ११०, आणि पुन्हा १२१, १३२. दोनदा तपासलं, चूक नाही.

दशक एकाने वाढलं की उत्तर ११ ने वाढतं, इतपत मी समजावलं. शतक आल्यावर घडी का मोडते, हे तिला पटेल असं कसं सांगू?

शिवाय, चार अंकी संख्येसाठी मागच्या ३६ च तपासल्या तर पुरे ना? अंकांची बेरीज त्यापुढे जातच नाही. त्याहून सोपी युक्ती आहे का?

कोथरूडच्या बाजूला कोणी समजावणार असेल तर रविवारी तिला घेऊन येतो.