मदत हवी आहे: खरडून गेलेल्या जमिनीचे रोहयोतले (रोजगार हमी योजना) ३ लाख

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीकाठचं आमचं सव्वा एकर रान खरडून गेलं. माती गेली, मुरूम उघडा पडला, बांधाचा मागमूस नाही. पंचनामा, फार्मर आयडी, ई-केवायसी झालंय. हेक्टरी ४७ हजारांप्रमाणे पैसे वडिलांच्या खात्यावर आले. अडलंय ते रोहयोतून जाहीर झालेल्या हेक्टरी ३ लाखांवर. जॉबकार्ड आहे, ग्रामसभेच्या ठरावात नाव आहे. रोजगारसेवक पंचायत समितीत पाठवतात, तिथून तहसीलला. रान पुन्हा भरायला लागणारा तलावातला गाळ उन्हाळ्यातच उचलता येतो, पाऊस लागला की वर्ष हातचं गेलं. मंजुरीआधी पदरमोड करून ट्रॅक्टरने गाळ भरला तर प्रस्ताव बाद होतो का? आणि ज्यांचं मस्टर (मजुरांचा हजेरीपट) निघालंय, त्यांना कामाचं अंदाजपत्रक कुणी करून दिलं?